आईच्या वाट्याचा मासा

दूर उत्तरेकडे, जिथे भर उन्हाळ्यातही पाण्यात हात घातला तर बोटे बधिर होतात, अशा एका समुद्रात ऑर्कांचे एक कुटुंब राहत असे. मुलांनो, ऑर्का म्हणजे डॉल्फिनच्या जातकुळीतला काळ्या-पांढऱ्या रंगाचा एक भलामोठा प्राणी. त्याला मासा म्हटलेले त्याला आवडणार नाही, कारण तो तुमच्याआमच्यासारखा हवेत श्वास घेतो आणि लहानपणी आईचे दूध पितो. ऑर्काची मुले मोठी झाली तरी आईला सोडून जात नाहीत. ती जन्मभर तिच्याच आसपास पोहतात. या कुटुंबातही एक म्हातारी आई होती, तिचा थोरला मुलगा होता, धाकटी मुलगी होती आणि त्या मुलीचे एक तान्हे पिल्लू होते. आई वळेल तिकडे सगळे वळत.

थोरला अंगाने चांगलाच दांडगा होता. त्याच्या पाठीवरचा पर पाण्याबाहेर आला की लांबच्या होडीतल्या माणसांनाही दिसे. पण आईच्या लेखी तो अजून लहानच होता. ती त्याला 'बाळ' म्हणे आणि त्यालाही त्यात काही वावगे वाटत नसे. त्यांच्या कुळाची रीतच तशी होती. आईने मासा पकडला की तो तोंडात धरून ती वर येई, त्याचे दोन तुकडे करी आणि एक तुकडा मुलाला देई. मुलगा तो घेई आणि पुन्हा तिच्या कुशीशी येऊन पोहू लागे. एवढा बाप्या गडी झाला तरी आईच्या हातचे खातो, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. त्याला ते खाताना कधी लाज वाटली नव्हती आणि आईलाही ते देताना कधी जड वाटले नव्हते.

हे कुटुंब सॅमन नावाचा एकच मासा खात असे. जवळच्या नदीतून ते मासे थव्याथव्याने समुद्रात येत आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत जात. पुढे माणसांनी त्या नदीवर धरण बांधले. वर निघालेले मासे भिंतीपाशी अडू लागले. अंडीच नाहीत, तर पिल्ले कुठली आणि पिल्ले नाहीत, तर मासे कुठले? त्यातच समुद्रात जहाजे वाढली. ऑर्का शिकार करतो ती कानांनी. तो आवाज सोडतो आणि तो माशावर आपटून परत आला की मासा कुठे आहे ते त्याला कळते. आता जहाजांची घरघर इतकी वाढली, की सोडलेला आवाज परत आला तरी ऐकू येईना. समोरून मासा जाई आणि ऑर्का रिकाम्या तोंडाने वर येई.

एके दिवशी आई म्हणाली, "इथलं आता संपत आलं. मी तान्ही होते तेव्हा असंच एक वाईट वर्ष आलं होतं. माझ्या आजीनं आम्हाला बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून पलीकडच्या नदीपाशी नेलं होतं. तिथे मासे होते. चला, निघू या."

"वाट कशी आहे?" मुलीने विचारले.

"ती सांगून कळायची नाही गं. कुठे पाणी उथळ होतं, कुठे प्रवाह ओढतो, कुठे वळायचं, हे आजीच्या अंगाला अंग लावून पोहले म्हणून मला कळलं. तुम्हीही माझ्याबरोबर पोहाल तेव्हाच कळेल."

थोरला मात्र कुरकुरला. "एवढ्या लांब कशाला, आई? आहेत की इथे मासे. मला तर काही कमी पडत नाही. थोडं थांबू, मग बघू."

आई मुलाचे मन मोडणारी नव्हती. ती थांबली.

मासे आणखी कमी झाले. आई आता दिवसभर शोधी तेव्हा कुठे एखादा मासा हाती लागे. तो ती पूर्वीसारखाच वर घेऊन येई. एकदा तिने त्याचे तुकडेच केले नाहीत. सगळा मासा मुलापुढे सरकवला.

"आणि तुला?" मुलाने विचारले.

"मला भूक नाही रे. तू खा."

मुलाने खाल्ला. दुसऱ्या खेपेलाही ती तेच म्हणाली आणि त्याने तेच केले. आईला भूक नाही हे त्याला खरे वाटले, कारण ते खरे मानण्यात त्याचीच सोय होती. मुलगी मधूनमधून म्हणे, "दादा, आता निघायला हवं. माझं दूध आटत चाललंय." त्यावर तो म्हणे, "निघू गं. एवढं काय झालंय?" त्याचे पोट भरलेले होते. समुद्र रिकामा झाला आहे, हे त्याला कळणार कसे?

त्या पाण्यावर एक समुद्रपक्षी घिरट्या घालीत असे. ऑर्कांनी मासा फाडला की पाण्यावर तरंगणारे कण तो वेची. स्वभावाने हावरट आणि तोंडाने फटकळ. एके दिवशी तो थोरल्याला म्हणाला, "काय रे, तुझ्या आईच्या मानेवर खळगा पडलाय तो तू पाहिलास का?"

"कसला खळगा?"

"डोक्याच्या मागे. चरबी झडली की तिथे खळगा पडतो. मी वरून तुमच्या कितीतरी जणांना पाहिलंय. तो खळगा ज्याला पडला तो पुढचा हिवाळा पाहत नाही. अलीकडे मला तिच्या तोंडचा एक कणही मिळत नाही, तेव्हाच मी ओळखलं."

"आई म्हणते तिला भूक नाही," थोरला तुटकपणे म्हणाला.

"आणि तुला ते पटलं," पक्षी म्हणाला आणि उडून गेला.

थोरल्याला राग आला, पण त्याचे मन काही स्वस्थ बसेना. आजवर तो आईच्या कुशीला पोहत आला होता. तिथून त्याला तिचा पांढरा गाल दिसे, तिचा श्वास ऐकू येई. तिची मान वरून त्याने कधी पाहिलीच नव्हती. तो थोडा मागे राहिला आणि पाण्यातून अर्धे अंग उभे बाहेर काढून त्याने पुढे पाहिले. आई श्वास घ्यायला वर आली होती. तिच्या डोक्यामागे खोल खळगा होता आणि त्यात पाणी साचून राहिले होते.

तो सुसाट निघाला. जहाजांच्या घरघरीतून कान देऊन देऊन त्याने एक मासा शोधला, तोंडात धरला आणि तसाच्या तसा आईपुढे आणला. "आई, खा. तू खाल्ल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आईने माशाकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले. तिला बरे वाटले असावे. तिने एक लहानसा लचका तोडला, पण तो तिच्या घशाखाली उतरेना. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या पोटाला अन्नही पेलत नाही. उरलेला मासा तिने मुलीकडे ढकलला. "हिला दे. हिच्या दुधावर पिल्लू जगायचंय. आणि आता निघू या. माझ्याच्यानं होईल तेवढं मी नेते."

ते निघाले. आई पुढे, तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुले आणि मुलीच्या पोटाशी पिल्लू. थोरला आईला आपल्या अंगाचा टेकू देऊन पोहत होता. ती दमली की सगळे थांबत. पहिली बेटे आली तेव्हा ती म्हणाली, "इथे डावीकडे." मुलांनी ते मनात पक्के केले. उथळ पाणी लागले तेव्हा म्हणाली, "इथून एकामागे एक." तेही त्यांनी मनात पक्के केले. मग जहाजांची मोठी वाट आडवी आली. एकामागून एक जहाजे जात होती आणि आईचा आवाज आधीच बारीक झालेला होता. ती पुढचे काही सांगत होती. थोरल्याने कान तिच्या तोंडाशी नेला, पण घरघरीखेरीज त्याला काहीच ऐकू आले नाही.

ती वाट ओलांडून ते पलीकडे गेले, तेव्हा आईचे पोहणे थांबले होते.

दोघांनी तिला खालून उचलून पाण्यावर धरले. तिने श्वास घ्यावा म्हणून ती दोघे धडपडत राहिली. तिने श्वास घेतला नाही. थोरला तिला हाका मारत होता. त्यांच्या कुळाची हाक निराळी होती. ती त्याला आईनेच शिकवली होती आणि आजवर आईकडून त्या हाकेचे उत्तर आले नाही असे कधी झाले नव्हते. शेवटी त्यांच्या अंगातले बळ सरले आणि आई त्यांच्या अंगावरून सुटून संथपणे खोल पाण्यात गेली.

थोरला फार रडला. ऑर्का रडतो कसा, ते पाण्याबाहेर कुणाला दिसत नाही. आपण एकेक मासा खाल्ला तो नुसता आईच्या तोंडचा नव्हता, हे त्याला आता कळले. त्या माशांबरोबर आपण बहिणीचा आणि तिच्या पिल्लाचाही घास खाल्ला, कारण पलीकडच्या नदीची वाट एकट्या आईच्या अंगी होती.

समोर बेटेच बेटे होती आणि त्यांच्यामधून कितीतरी चिंचोळ्या वाटा जात होत्या. सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. पिल्लू भुकेने बहिणीच्या पोटाला ढुशा देत होते.

"दादा," बहीण म्हणाली, "आता कुठून जायचं?"

सर्वांत दांडगा तोच होता, म्हणून ती त्याच्याकडे पाहत होती. त्याला वाट माहीत नव्हती.

तात्पर्य : आपले पोट भरले आहे म्हणून जगात दुष्काळ नाही असे समजू नये. ते कुणाच्या वाट्याने भरले आहे, हे वेळ असतानाच पाहावे.