जिंकणाऱ्याचा हंडा

"…आणि मग कितीही प्यायलं तरी चढणार नाही, असं काही आहे का तुमच्याकडे?"

सोमगीर महाराज मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफल बाजूच्या ढिगावर ठेवलं.

"काय प्यायलं तर?"

"दारू," विक्रांत म्हणाला. आडपडदा ठेवायचा नाही, हे तो येतानाच ठरवून आला होता.

"चढणारच नसेल, तर पितोस कशाला?"

मागे बसलेला त्याचा मित्र उमाकांत खुदकन हसला. विक्रांतने मान वळवून पाहिलं, तसा तो गप्प झाला.

विक्रांत डोईफोडे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. अभ्यासात बेताचा, पण हॉस्टेलमध्ये त्याला ओळखत नाही असा मुलगा नव्हता. शनिवारी पोरं वरच्या मजल्यावर जमत. आधी पत्त्यांचा डाव. ज्याच्या हातात शेवटचं पान उरेल त्याने पेला रिकामा करायचा. पत्त्यांचा कंटाळा आला की उभ्याची पैज. सगळ्यांनी भिंतीशी ओळीने उभं राहायचं आणि पेल्यामागून पेला घ्यायचा. जो खाली बसला तो बाद. विक्रांत कधीच बसला नव्हता. बसलेल्यांना, आडवे झालेल्यांना, ओकलेल्यांना काखेत धरून तोच ज्याच्या त्याच्या खोलीत नेऊन टाकी. पोरं त्याला खांब म्हणत. नवीन आलेली मुलं तर त्याच्याकडे देवळाच्या कळसाकडे बघावं तशी बघत.

आता शेजारच्या कॉलेजच्या पोरांनी आव्हान दिलं होतं. येत्या रविवारी तिघांविरुद्ध तिघं. त्यांच्यातही म्हणे एक असा होता, जो कधी बसला नव्हता. विक्रांतला आयुष्यात पहिल्यांदा धाकधूक वाटत होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती.

उमाकांतचं आजोळ या गावातलं. महाराज तरुणपणी शिवरात्रीला घागरभर भांग पिऊन पहाटेपर्यंत न चुकता भजन म्हणत, असं त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलेलं. म्हणजे मठात काहीतरी जडीबुटी असणार, असा विक्रांतने हिशोब केला आणि आपल्या दोन्ही गड्यांना घेऊन तो थेट मठात येऊन बसला.

तिसरा गडी यशपाल गवई. विक्रांतच्या खोलीतलाच. अंगाने काडी. तो आल्यापासून काही बोलला नव्हता.

"मला खांब म्हणतात, महाराज," विक्रांत म्हणाला. "मी अजून पडलो नाही."

"खांब…" महाराजांनी नुकत्याच उभारलेल्या नव्या सभामंडपाकडे पाहिलं, मग पुन्हा विक्रांतकडे. "छप्पर कुठाय तुझं?"

विक्रांतनेही वळून मंडपाकडे पाहिलं.

"बरं, राहू दे. सगळे पडले, की तू काय करतोस?"

"उभा असतो."

"आणि?"

"आणि… काही नाही. पोरांना उचलतो."

"तू जिंकलास, हे त्या वेळी बघतं कोण?"

विक्रांतने मागचे शनिवार आठवून पाहिले. उमाकांत तर नेहमी पहिल्या दहा मिनिटांत बसायचा. यशपालला महिन्यापूर्वी रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सलाईन लावली, सकाळी सोडलं. घरी सांगितलं, भेळ बाधली. त्या दिवशीसुद्धा विक्रांतच जिंकला होता. पण ते कोणी पाहिलं होतं…

"सकाळी सांगतो मी त्यांना," तो शेवटी म्हणाला.

महाराजांनी मान डोलावली, जणू फार मोलाची माहिती मिळाली. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"औषध आहे माझ्याकडे. पण फुकट देत नाही. माझ्याशी पैज लावावी लागेल."

विक्रांतचा चेहरा उजळला. पैज म्हटलं की त्याचं बोलणंच बदलायचं.

"कसली?"

"पिण्याची. दुसरी कसली येते तुला?"

मठात गुरुवारी गावातून ताक येई. स्वयंपाकघरातून महाराजांनी स्वतः हंडा ओढत आणला. काठोकाठ भरलेला, वर लोण्याचे बारीक कण तरंगत होते. चार पितळी वाडगे त्यांनी ओट्यावर मांडले.

"आपण चौघं," महाराज म्हणाले. "ज्याने वाडगा पालथा घातला तो हरला. शेवटी राहील तो जिंकला. आणि जिंकणाऱ्याने हंडा संपवायचा. मग औषध त्याचं."

"एवढंच?" विक्रांत म्हणाला. त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

पहिला वाडगा त्याने एका दमात रिता केला. दुसरा भरून घेतला, तोही केला. हे त्याचं तंत्र होतं. सुरुवातीलाच असं काही प्यायचं, की बघणाऱ्यांचा जीव खचला पाहिजे.

महाराज अजून पहिल्यावरच होते. घोट घ्यायचे, समोरच्या शेताकडे बघायचे, पुन्हा घोट घ्यायचे. यंदा पाऊस बरा झालेला, तूर कमरेला आलेली. शेवटचा घोट घेऊन त्यांनी मिशा पुसल्या.

आणि वाडगा पालथा घातला.

"हरलो," ते म्हणाले.

विक्रांत बघतच राहिला. "असं कसं? एकच तर घेतलात."

"तहान तेवढीच होती."

"पण मग पैज…"

"पैज हरलो की मी. सांगतोय ना." एवढ्या आनंदाने हा शब्द उच्चारलेला विक्रांतने आजवर ऐकला नव्हता. शाळेत घंटा झाल्यावर पोराने दप्तर पाठीवर टाकावं, तसं महाराजांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "मी चाललो बारवेवर. ऊन फार झालं. यायचं त्यानं यावं."

मठामागे दगडी पायऱ्यांची बारव होती. यंदा पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं.

उमाकांतने महाराजांकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. "मीपण हरलो," असं म्हणून त्याने वाडगा पालथा घातला आणि तो निघालासुद्धा.

राहिला यशपाल.

त्याचा वाडगा अर्धा भरलेला होता. वाडगा दोन्ही हातांनी धरून तो बसला होता. विक्रांतने त्याच्याकडे नेहमीच्या नजरेने पाहिलं. या नजरेला हॉस्टेलमध्ये काही बोलावं लागत नसे. ती नजर पडली की यशपाल पेला उचली. दवाखान्यातून आल्यावर पुढच्याच शनिवारीही त्याने उचलला होता.

यशपालने वाडग्यातलं ताक तुळशीच्या बुंध्याशी ओतलं. मग वाडगा हळूच, आवाज होऊ नये अशा बेताने पालथा घातला.

"हरलो," तो पुटपुटला.

आभाळ कोसळलं नाही. यशपालने इकडे-तिकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा, या वेळी जरा मोठ्याने म्हणाला, "मी हरलो, विक्या."

ओट्याच्या कोपऱ्यापाशी थांबलेल्या महाराजांनी त्याच्यासाठी हात पुढे केला. हात धरून तो खाली उतरला.

"म्हणजे मी जिंकलो," विक्रांत म्हणाला. "औषध, महाराज?"

"आधी हंडा," महाराज न वळता म्हणाले.

तिघे मठामागे दिसेनासे झाले.

विक्रांतने तिसरा वाडगा भरला. अट ती अट. हंड्यातलं ताक कुठे फारसं कमी झालेलं दिसत नव्हतं. मठातलं पिवळं कुत्रं समोर येऊन बसलं, त्याच्याकडे थोडा वेळ बघून कंटाळलं आणि निघून गेलं.

तेवढ्यात बारवेतून धप्पकन आवाज आला. कोणीतरी अंग गोळा करून मुटका मारला होता. उमाकांतच असणार. त्याच्या पाठोपाठ दुसरा, त्याहून मोठा आवाज झाला आणि उमाकांत ओरडला, "काय उडवलंय पाणी, महाराज…"

सत्तरीचे महाराज मुटका मारतात, हे विक्रांतला डोळ्यांनी बघायचं होतं. पण हंडा होता.

त्याने आणखी एक वाडगा घेतला. पोट ढोलकीसारखं ताणलं होतं. ताकाने काही नशा येत नाही, त्यामुळे सगळं लख्ख कळत होतं. पालथे घातलेले तीन वाडगे समोर होते. उन्हात त्यांची बुडं चमकत होती.

मग त्याला हसणं ऐकू आलं. एक उमाकांतचं, ते त्याने लगेच ओळखलं. दुसरं महाराजांचं, घोगरं. तिसरं मात्र ओळखायला त्याला वेळ लागला. बारीक आवाजातलं, उचक्या लागल्यासारखं, थांबता न थांबणारं. यशपाल पहिल्या वर्षाला त्याच्या खोलीत राहायला आला तेव्हा असाच हसायचा. रात्री दिवा घालवल्यावरसुद्धा काहीबाही आठवून त्याला हसू फुटायचं आणि विक्रांतने उशी फेकून मारली तरी ते थांबायचं नाही. हे कधी बंद झालं…

विक्रांतने आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. जे आठवलं ते एवढंच, की ते बंद झालं तेव्हा ते आपल्या लक्षातही आलं नव्हतं.

हातातला वाडगा तोंडाला लावायचा राहून गेला.

तो उठला, तेव्हा पोटात ताक डचमळत होतं. एका हाताने पोट धरून तो मठामागे गेला आणि बारवेच्या वरच्या पायरीवर उभा राहिला.

महाराज पाण्यावर पाठ टाकून तरंगत होते. पांढरी दाढी छातीभर पसरली होती. उमाकांत पलीकडच्या कोनाड्यात चढून पुढच्या उडीची तयारी करत होता. यशपाल पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात बसला होता. विक्रांतला पाहून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

ते थांबलेलं पाहून विक्रांतला कसंसंच झालं.

"विक्या," यशपाल म्हणाला, "रविवारी मी येणार नाही."

उमाकांत कोनाड्यात तसाच अवघडून राहिला.

"बरं," विक्रांत म्हणाला.

"तू चिडला नाहीस?"

"नाही." तो पायरीवर बसला. त्याने बूट काढले, मोजे काढले, पाय पाण्यात सोडले. "तू रिक्षात होतास ना, तेव्हा मी तुझ्या नाकासमोर सारखा हात धरून बघत होतो. श्वास चालू आहे का म्हणून. मी हे कोणाला सांगितलं नाही."

यशपालने सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"हंडा संपला का रे?" तरंगता तरंगताच महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज."

"मग औषध मिळायचं नाही."

"राहू द्या ते."

विक्रांतने पायांनी पाणी ढवळलं. मग तो म्हणाला, "मी हरलो, महाराज." म्हणताना जीभ अडखळली. हे वाक्य तिच्या वळणाचं नव्हतं.

महाराजांनी डोळे उघडले. पाण्यात उभे राहून त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि विक्रांतकडे अगदी कुतूहलाने पाहिलं.

"कोणाकडून?"

विक्रांतने यशपालकडे पाहिलं. कोनाड्यातल्या उमाकांतकडे पाहिलं. महाराजांकडे पाहिलं. तो बराच वेळ शोधत राहिला.

"कोणी दिसत नाही, महाराज."

"मग बसलायस काय वर," महाराज म्हणाले. "ये पाण्यात."