मीठवाल्याचा दगड

ऱ्हाईन नदीकाठचा हा बसका काळा दगड पाहिलात ना, मंडळी? पानगळीच्या बाजारात यावर मिठाची गोणी ठेवतात आणि त्या मिठाला कुणी घासाघीस करत नाही. गिऱ्हाईक ठेवील ते विकणारा निमूट घेतो. मी लासलगावचा, भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी घेतली नाही. इथल्या पहिल्या वर्षी हे पाहून मी चक्रावलोच! मग शेजारच्या दुकानातल्या म्हाताऱ्या एल्फ्रीडेबाईंनी उलगडा केला.

फार पूर्वी नदीपलीकडे रोमचं राज्य होतं. या काठच्या लोकांना म्हणे वस्तू मिळवायच्या दोनच रीती ठाऊक: कुणी भेट द्यावी, नाहीतर लुटून आणावी. एका वर्षी त्यांनी पलीकडच्या मीठवाल्याची होडी लुटली आणि त्यालाही दलदलीत बुडवायला बांधून आणलं. तो बिचारा "कौपो, मी कौपो!" म्हणून विनवत होता. कौपो म्हणजे त्याच्या भाषेत साधा दुकानदार.

मुखियाची विधवा गिसला पुढे झाली. हिवाळ्याचं मांस मिठाविना नासतं, हे घर चालवणारीला कुणी सांगावं लागत नाही. "याला बुडवलंत तर पुढच्या वर्षी मीठ कोण आणणार?" असं म्हणून तिने लुटलेल्या मिठाबद्दल चांगली कातडी त्याच्या पायाशी ठेवली आणि पुन्हा यायचं वचन घेतलं.

दीर हसला. "वहिनी, जाळ्यातला मासा सोडताय, वर त्याला पुन्हा या म्हणताय!"

"नाही आला तर त्याच्या जागी मला लोटा."

वर्ष सरलं. पानं गळून गेली, होडी येईना. दीर नजर चुकवू लागला. ठरलेल्या दिवशी गिसला आपल्या पायांनी दलदलीकडे निघाली, तोच वल्ह्यांचा आवाज आला. होडीत मीठ होतं, पण वल्हवणारी होती एक अनोळखी बाई.

"आमचे धनी उन्हाळ्यात गेले," ती म्हणाली. "जाताना बोलले, तिकडे एक बाई माझ्यासाठी उभी राहिलीय. मीठ पोचव."

तिने गोणी या दगडावर ठेवली आणि काही न मागता मागे सरली. मग लोकांनी मध आणला, लोकर आणली. दिराने अंगावरचं घोंगडं काढून ठेवलं.

ही भेट नव्हती, लूटही नव्हती. त्या 'कौपो'वरून लोक या देवघेवीला 'कौप' म्हणू लागले, असं सांगतात. भाषेचे पंडित या शब्दाआधी ताऱ्याची खूण काढतात, कारण तो कुठे लिहिलेला सापडत नाही. आजच्या शब्दांवरून मागे जात जुळवलेला आहे. जर्मन माणूस विकत घेण्याला 'काउफेन' म्हणतो, ते त्याच घराण्यातलं.

आजही मीठ ठेवून विकणारा तीन पावलं मागे सरतो. त्या मीठवाल्याचं नाव काय, हे मी एल्फ्रीडेबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ते विचारायचं तेव्हा कुणाला सुचलंच नाही."