ढगातला चौक

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ती घडली त्या नगराचं नावही आता कुणाला आठवत नाही. नगर उंच डोंगरावर होतं. रोज सकाळी ढग खाली उतरायचे आणि गल्लीबोळांतून हिंडायचे. घरं, झाडं, माणसं पांढऱ्या धुक्यावर तरंगत असल्यासारखी वाटायची. दिसायचं थोडं, ऐकू यायचं फार.

त्या ढगांतून रथ भरधाव सुटायचे. कधी कुणी चाकाखाली यायचं, कधी दोन रथ एकमेकांवर आदळायचे. शेवटी राणी चित्रसेनेने हुकूम काढला, "वेशीच्या आत घोडा चालेल, धावणार नाही. रथ कुणाचाही असो."

लोक आधी कुरकुरले, मग त्यांना सवय झाली. टापा संथ वाजू लागल्या. फुलवाल्या पुन्हा चौकात बसू लागल्या.

चौकाजवळ कोंडाई नावाची म्हातारी विणकरीण राहायची. तिला डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नसे. कित्येक वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. आता मात्र ती टापा ऐकायची, रथ किती लांब आहे याचा अंदाज घ्यायची आणि एकटी रस्ता ओलांडून विहिरीवर जायची. तिथे बायकांशी बोलताना तिचा चेहरा उजळायचा.

एके सकाळी राणी दौऱ्यावरून परतत होती. शेजारचा राजा तहाच्या बोलण्यासाठी आला होता. त्याला ताटकळत ठेवणं तिला बरं वाटेना.

वेस आली तसा सारथी म्हणाला, "राणीसाहेब, घोडे आवरतो."

"आज नको. उशीर झालाय."

"पण हुकूम आपलाच आहे."

"मीच काढलाय ना? मग एक दिवस मीच बाजूला ठेवते."

सारथ्याने लगाम सैल सोडला. घोडे ढगात घुसले.

कोंडाईने टापा ऐकल्या. आवाज लांबचा होता. घोडे चालतच येणार, तोवर आपण पलीकडे पोचू, असं म्हणून तिने पाऊल टाकलं.

रथ थांबला तेव्हा ती रस्त्यावर पडलेली होती. तिचा पाय चाकाखाली चिरडला होता. राणी धावत खाली उतरली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"कोण गं बाई तू?" कोंडाईने विचारलं.

राणी पदर फाडून जखम बांधू लागली.

"रथवाला परगावचा असेल," कोंडाई कण्हत म्हणाली. "आमच्या इथलं कुणी असं हाकत नाही. राणीचा हुकूम आहे. त्याच्याच भरवशावर तर मी बाहेर पडते."

राणीने मान खाली घातली. "आजी, रथ माझाच होता. मीच ती राणी."

ढग दोघींवरून सरकत राहिले. राजवाड्यात पाहुणा राजा अजून झोपेतून उठलाही नव्हता.

वैद्यांनी कोंडाईचा जीव वाचवला, पण पाय कायमचा वाकडा झाला. जखम भरली तरी ती बाहेर पडेना. राणी भेटायला आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "टापा ऐकू येतात हो. पण आता त्यांच्यावर विश्वास बसत नाही."

त्या दिवसापासून राणीने नगरात रथ वापरला नाही. रोज सकाळी ती चालत चौकात यायची, ढगात उभी राहायची आणि हात आडवा करून येणारे रथ थांबवायची. तिला तिथे पाहून सरदारांचे घोडेही वेशीपासूनच पावलं मोजत येऊ लागले. असे कितीतरी ऋतू गेले.

मग एका सकाळी दार करकरलं. कोंडाई काठी टेकत उंबऱ्यावर आली. राणीने हात वर केला आणि सगळे घोडे जागच्या जागी थांबले. कोंडाई बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली. मग तिने पाऊल टाकलं.

बोध : आपण नियम पाळणार, या भरवशावर कुणीतरी रस्त्यात पाऊल टाकत असतं, तो भरवसा मोडायला क्षण पुरतो, जोडायला मात्र वर्षं लागतात.