खवलेमांजराचा दहावा

फार पूर्वी एका जंगलात, सकाळी बरोबर सव्वानऊ वाजता साळिंदराने जाहीर केलं, "खवलेमांजरांची जात संपली! दहा दिवस रोज दुपारी हाका मारल्या, कुणी ओ देत नाही. आता त्यांचं बीळ माझं."

सगळ्यांना फार वाईट वाटलं. माकडाने बिळाच्या तोंडाशी भाताचा पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना.

"इच्छा राहिली असेल बिचारीची," ससाबाई म्हणाल्या.

"बाई गं, तुझं बीळ रोज झाडीन," साळिंदर म्हणालं. कावळा ढिम्म. "बरं, सारवीनसुद्धा!"

"अहो, शिवू कसा?" कावळा ओरडला. "आत कुणीतरी घोरतंय!"

तेवढ्यात पिंडाला मुंग्या लागल्या. वासासरशी बिळातून लांबलचक जीभ आली, मागून खवलेमांजर आलं, शेपटीवर पिल्लू घेऊन.

"कुणाचं काय झालं हो?" मुंग्या मटकावत तिने विचारलं.

"तुमचाच दहावा आहे!"

"अगं बाई! आम्ही दिवसा झोपतो. रात्री कुणी बघायला आलं होतं का?"

साळिंदराने मान खाली घातली.

"आता सगळ्यांना कळवा, आम्ही आहोत म्हणून," ती कुजबुजली. "पण हळू सांगा हं, पिल्लाचा आत्ताच डोळा लागलाय."