येसूच्या कमरेची पुरचुंडी

एकदा काय झालं, डोंगराखाली एक वाडी होती. तिथं येसू नावाची बाई आणि तिची पोर मंजी राहायची. मंजी तुमच्याएवढीच. तुमच्याइतकीच आगाऊ, बरं का.

वाडीमागं देवराई होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. आणि ही बया काय करायची? राईतली रोपं उपटून मुळं किती वाढली ते बघायची, आणि परत खोचायची. जगतील का ती? एक मेलं, दुसरं मेलं, तिसऱ्याला हात लावला, आणि मंजी दिसेनाशीच झाली.

येसू हाका मारत राईत आली. तिथं उपटलेली रोपं मरून पडली होती. समोर राईची राखणदारीण उभी! म्हणाली, "जिवाची किंमत नाही तुझ्या पोरीला. तिचा जीव मी या तिन्हींतल्या एकात ठेवलाय. घरी ने. परवा दिवस बुडताना त्यातलं एक माझ्या हातावर ठेव. चुकलीस, तर पोर विसर."

तीन वस्तू कुठल्या? एक जळता पलिता, एक लाकडाची ठकी, म्हणजे बाहुली, आणि एक वालाचा सुकलेला दाणा.

मग त्याच दिवशी येसूनं पलित्याचा जाळ चुलीत ठेवला. तो लाकडं खायचा, वाढायचा. झाकला की गुदमरायचा. ठिणगी उडाली की दुसरा जाळ जन्माला! "हीच माझी मंजी," येसू म्हणाली. पण सरपण संपलं तरी त्याचं पोट भरेना. खाल्लेलं अंगी लागेना, नुसती राख. "माझी मंजी अशी नाही," म्हणत येसू मागं सरली.

दुसऱ्या दिवशी ठकी चालायला लागली. "आई, मला घे ना!" आवाज हुबेहूब मंजीचा! येसूनं तिला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली. भाकरी दिली, तर ठकी खाईना. तेवढ्यात चुलीतली ठिणगी तिच्या हातावर पडली. ठकीनं हात मागं घेतला नाही, की "आई गं" केलं नाही. येसूनं तिला खाली ठेवलं.

राहिला दाणा. तो हलेना, खाईना, बोलेना. इरा, पांघरूण चावू नकोस, ऐक.

येसूनं त्याच तिन्हीसांजेला दाणा भिजत घातला. सकाळी ओल्या फडक्यात बांधून पुरचुंडी कमरेला खोचली, उबेला. तुमची आई मोड आणायला बांधते ना, अगदी तसंच. पण मोड यायला वेळ लागतो, आणि दिवस होता एकच!

दुपार झाली. येसूचा हात सारखा गाठीकडे जायचा. ठकी म्हणायची, "आई, सोड ना, बघू ना!" येसूला ती उपटलेली रोपं आठवायची. मग ती हात मागं घ्यायची आणि फडक्यावर पाणी शिंपडायची. सोडलं आणि मोड मोडला तर? नाही सोडलं आणि आत दगड असला तर? जीव नुसता टांगणीला.

दिवस बुडाला. राखणदारीण दारात आली. "दे." ठकी येसूच्या पायाला बिलगून रडायला लागली, "आई, मला टाकू नकोस!" येसूचं काळीज फाटलं हो. तिनं ठकीकडे हात नेला. तेवढ्यात कमरेला काहीतरी टोचलं, अगदी हळूच. येसूनं डोळे मिटले आणि पुरचुंडी तशीच, गाठ न सोडता, राखणदारणीच्या हातावर ठेवली.

राखणदारणीनं गाठ सोडली. फुगलेल्या दाण्यातून इवलासा पांढरा मोड बाहेर आला होता. तिनं तो दाणा जमिनीवर ठेवला, आणि तिथं मंजी उभी!

डोळे चोळत ती काय म्हणाली असेल? "आई, भूक लागली."

ते ऐकून येसू हसली, रडली, आणि चुलीकडे धावली. मंजीनं दीड भाकरी खाल्ली, "पुरे," म्हणाली, आणि तिथंच आडवी झाली. पुढं त्या मायलेकी सुखात राहिल्या, आणि मंजीनं पुन्हा कधी रोप उपटलं नाही.

चला, डोळे मिटा आता. दाणा गप्प पडून होता ना, तेव्हाच आतून वाढत होता. तुम्हीही झोपेतच वाढता. मी पांघरूण उघडून बघणार नाही. झोपा.