गोड चिखल

एकदा काय झालं, समुद्रकाठच्या एका राजाची लेक आजारी पडली. डोळेच उघडेना. वैद्यबुवांनी सांगितलं, बेटावरचं तीन पाकळ्यांचं निळं फूल आणा आणि सगळ्या पाकळ्या गळायच्या आत तिला हुंगवा. मग राजा स्वतःच निघाला. जहाजाचं सुकाणू धरायला होता म्हातारा लखमा तांडेल.

सुकाणू असतं जहाजाच्या मागे, बरं का. ते वळेल तसं जहाज वळतं. राजाला भारी नवल वाटलं. रथ हाकणारा पुढे बसतो, हा मागे बसतो, मग याला पुढचं दिसतं कसं? लखमा म्हणाला, दिसत नाही, पण कळतं.

फूल मिळालं. पण परतताना असं धुकं पडलं की राजाला आपलीच मिशी दिसेना. एक पाकळी गळाली. मग लखमाने शिशाच्या गोळ्याला खालून मेण फासलं आणि दोरीने तो तळाशी सोडला. वर काढला तर मेणाला चिखल चिकटलेला. लखमाने तो चक्क चाखला. शी म्हणणाऱ्याने पांघरुणात तोंड घालावं, मी काही थांबायची नाही. तर चिखल होता कडू. म्हणजे पुढे खडक. त्याने सुकाणू वळवलं.

दुसरी पाकळी गळाली. पुन्हा गोळा सोडला. चिखल तुरट. म्हणजे खाडीचा गाळ, तिथे जहाज रुतायचं. पुन्हा वळवलं.

तिसऱ्यांदा चाखून लखमा हसला. म्हणाला, आता सरळ, बंदर आलंच. राजाचा जीव कासावीस झाला. पाकळी एकच उरलेली.

"माझ्या लेकीचा जीव तुझ्या जिभेवर सोडू?"

"मग महाराज, तुम्हीच चाखा."

राजाने डोळे मिटून चाखलं. चिखल गोड होता, ओल्या खोबऱ्यासारखा.

लखमा म्हणाला, "आपल्या बंदरातल्या बाया दर नारळी पुनवेला दर्याला नारळ देतात. ती गोडी तळाला उतरलीय."

"मीही देतो. सोन्याचा."

"तो तसाच पडलाय, महाराज. दर्याने खाल्ला नाही."

मग राजा म्हणाला, सरळ घे. आणि धुक्यातून बंदर समोर आलं की. राजा धावत महालात गेला. लेकीने शेवटची पाकळी हुंगली, डोळे उघडले आणि विचारलं, "बाबा, तुमच्या मिशीला चिखल कसला?"

राजा हसला आणि रडलासुद्धा. पुढच्या पुनवेला बापलेकींनी मिळून दर्याला खरा नारळ दिला, शेंडीसकट. मग सगळी सुखाने नांदली. त्यांचं जहाज आलं घरी, आता तुम्ही मिटा डोळे.