सतरंजीवरची जागा

विषय : शनिवारी गोधड्या शिवायला पुन्हा बसू देण्याबाबत.
संदर्भ : सालोमीबाईंचा तोंडी अर्ज.

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की समित्या नुकत्याच जन्माला आल्या होत्या. सभा मात्र तेव्हाही उशिराच सुरू होत.

डोंगराजवळच्या एका गावात लहानसे ख्रिस्तमंदिर होते. दर शनिवारी त्याच्या ओसरीवर सतरंजी पसरत. मंडळीतल्या बायका जुनी लुगडी घेऊन येत, गोधड्या शिवत, गाणी म्हणत आणि न आलेल्या बाईची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करत. काही गोधड्या गावातल्या गरजूंना मिळत, बाकीच्या गलबतातून समुद्रापलीकडच्या थंड मुलखात जात.

सालोमीबाई तरुणपणापासून तिथे बसत. टाके घालताना त्यांना पलीकडचे कुणीतरी दिसे. कधी म्हातारा, कधी बाळंतीण. ज्यांना कधी भेटणार नव्हत्या, अशा कितीतरी माणसांना त्या ओळखत होत्या.

पुढे त्यांचे यजमान वारले, घराचे छप्पर वादळात गेले. मंडळीची समिती धावून आली. छप्पर झाले, धान्य आले, वर एक गोधडी मिळाली. ती त्यांनीच शिवलेली होती, हे समितीच्या लक्षात आले नाही.

पुढच्या शनिवारी त्या सुई घेऊन आल्या. समितीच्या पंचांनी त्यांना पायरीवरच अडवले.

"मावशी, तुम्ही आता घेणाऱ्यांत. तुम्ही त्या बाकावर बसायचं."

"का रे बाबा?"

"तुम्हाला कष्ट नकोत म्हणून."

"माझे हात धड आहेत की."

"नियम आहे. घेणाऱ्यानं देऊ नये. घोटाळा होतो."

"मग तुमची गोधडी घ्या परत, आणि मला बसू द्या."

"परत घ्यायची तरतूद नाही, मावशी."

पाळकसाहेब भले गृहस्थ. ते म्हणाले, "पुढच्या सभेत बघू." भल्या माणसांना याहून कठोर बोलता येत नाही.

सालोमीबाई बाकावर बसू लागल्या. ओसरीवर गाणे सुरू झाले, की त्यांची बोटे पदराच्या काठावरून टाक्यासारखी चालत. पण पलीकडचे कुणी आता दिसत नसे.

एकदा मैत्रीण दीनाबाई हळूच म्हणाली, "सालोमी, तुझ्यावाचून कडा वाकड्या जातात गं."

"मग दे इकडे. नीट करते."

"पंच बघतोय."

"बघू दे. त्याच्या बारशाची दुपटी मीच शिवलीत."

दीनाबाई हसली, पण गोधडी काही तिने दिली नाही.

वर्षे गेली. कुणी आजारी पडली, कुणी विधवा झाली. समिती प्रत्येकीकडे तत्परतेने धावली आणि प्रत्येकीला बाकावर बसवून आली. दीनाबाईही आली. बाक पुरेना, तेव्हा नवे बाक केले. सतरंजीवर शेवटी दोघीच उरल्या, आणि त्यांचे एकमेकींशी पटत नव्हते.

त्या हिवाळ्यात गलबत रिकामेच परत गेले. पलीकडच्या किनाऱ्यावर माणसे थंडीत वाट पाहत उभी राहिली. इकडे सभेत पंचांनी खेद नोंदवला, की लोकांत पूर्वीची दानत राहिली नाही. बाकांवरच्या सगळ्या बायकांनी तो निमूटपणे ऐकला.

तात्पर्य : गरजूला मदत करावी, पण त्याची देण्याची जागा काढून घेऊ नये.

सालोमीबाई अजून दर शनिवारी सुई घेऊन येतात. त्यांचा अर्ज प्रलंबित आहे.